आबांची चांदीची गोळी

मागच्या महिन्यात गावाकडचं माळवदाचं घर पाडायला काढलं. भिंतींनी ओल धरलेली, लाकूड वाळवीनं खाल्लेलं, भाऊ म्हणला आता पाडूनच टाकू आन् स्लॅबचं बांधू. त्या नादात आबांची (म्हंजे माझ्या आजोबांची) पत्र्याची ट्रंक वीस वर्षांनी उघडली. आत काय तर जमिनीचे खासरा पाहणीचे कागद, दोन-तीन हाली शिक्के (म्हंजे निजामाची नाणी), माईचा एका काडीचा चष्मा आणि एक छोटी लाल कापडी बांधणीची वही, सगळी उर्दूत. आबा निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळं हिशोब उर्दूत, शिव्या मराठीत आणि हकीमसाबशी गप्पा दखनीत असा त्यांचा कारभार होता. आम्हा पोरांना उर्दूचा अलिफ येत नाही, म्हणून ती वही ट्रंकेत तशीच पडून राहिलेली.

माझं परभणीत मेडिकल आहे. डी.फार्म करून चौदा वर्षं काउंटरवर उभा आहे. दुकानासमोर रोज चहाला येणारा एक मित्र उर्दू शाळेत मास्तर आहे, त्याला वही दाखवली. पहिलंच पान बघून हसायला लागला. "अरे भाई, ये तो जुलाब का नुस्खा है!"

वरती मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, हब्ब-ए-अयारिज. खोटं सांगत नाही, मला तिथंच चहाच्या टपरीवर तोंडात कडू चव आली. कारण ही गोळी मी खाल्लेली आहे.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी चौथीत. आबा दसरा-दिवाळीच्या मधी दरवर्षी परभणीला हकीमसाबकडं जायचे आणि एका काचेच्या बाटलीत दहा-बारा गोळ्या घेऊन यायचे. हरभऱ्याएवढ्या, आणि वरून चांदीचा वर्ख. आता मला सांगा, चौथीतल्या पोराला चांदीची गोळी दिसली तर तो काय समजंल? लग्नाच्या पानावर असती तसली चांदीची बडीशेप समजलो मी. आबा वावरात गेल्यावर हळूच फळीवरून बाटली काढली आणि एक गोळी तोंडात टाकून चावली. चावली, बरं का, गिळली नाही. त्या कडूपणाचं वर्णन मला आजबी जमत नाही, कारलं, कडुलिंब, किराईत सगळं त्याच्यापुढं बासुंदी. थुंकलो, पाणी पिलो, गूळ खाल्ला, जीभ धोतराला पुसली. तरी निम्मी पोटात गेलीच होती. आणि मग रात्री... अंगणातला बल्ब आणि मी, आणि उगं मधूनमधून माईचा आवाज, "झालं का रे?" सकाळी आबांना कळलं तर मारतील म्हणून मी गोधडीत तोंड घालून पडलेलो, पण आबा काहीच बोलले नाहीत. इसबगोल भिजवून साखर घालून वाटीभर पाजलं आणि वावरात निघून गेले.

तर ही ती गोळी. मित्रानं नाव वाचून दाखवलं आणि त्या रात्रीपासून मी वाचत सुटलो.

आधी 'जुलाब' शब्दच बघा. आपण हा शब्द पाहुण्यासमोर उच्चारत नाही, आणि मूळ कुठलं तर फारसीतलं गुलाब, म्हंजे गुलाबपाणी! अरबीत त्याचं झालं जुलाब, तिथं त्याचा अर्थ गोड सरबत. औषध कडू असतंय म्हणून ते गोड सरबतात द्यायचं, आणि असं देता देता आपल्याकडं सरबताचं नाव थेट परिणामालाच चिकटलं. तोच शब्द युरोपात गेला तर त्याचा जुलेप झाला आणि आज अमेरिकेत ते पुदिना घातलेली दारू म्हणून पितात. एकच शब्द, एकीकडं बारमधी बसलाय आणि आपल्याकडं संडासात. नशीब आपआपलं.

आणि अयारिज? हा शब्द अरबीतबी पाहुणाच. ग्रीकमधी हिएरा म्हंजे पवित्र. हिएरा पिक्रा, म्हंजे पवित्र कडू. अरबांनी त्याचं केलं अयारिज-ए-फैकरा. हे औषध गॅलेन नावाच्या ग्रीक वैद्याच्या काळापासून, म्हंजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून, ग्रीक-रोमन वैद्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. बगदादला ग्रीक ग्रंथांची भाषांतरं झाली, अल-राझी आणि इब्न सिना यांच्यासारख्या हकीमांनी ते आपलं करून घेतलं, बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोला क्रेमोनाच्या जेरार्डनं इब्न सिनाचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमधी नेला. म्हंजे ग्रीकांचं औषध अरबांकडून फिरून परत युरोपात. दुसरीकडं तेच हकीमांच्या पिशवीतून हिंदुस्थानात, आणि हैदराबादच्या राज्यात तर युनानीला (म्हंजे हकीमांच्या वैद्यकाला) सरकारचाच आश्रय, त्यामुळं ते आमच्या गावच्या फळीवर. इंग्लंडातल्या खेड्यातल्या लोकांना हिएरा पिक्रा म्हणता येईना तर त्यांनी त्याचं करून टाकलं हिकरी-पिकरी. हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो, गिऱ्हाईक बघायलं. आपल्याकडं हायड्रोसीलचं जसं 'हैद्राशील' होतं, तसंच की हे.

आत काय असतं ते मित्रानं ओळीनं वाचलं आणि मी काष्टौषधीवाल्याकडं जाऊन एकेक नाव पटवलं. मुख्य म्हंजे सिब्र. सिब्र म्हंजे एलवा, आपला काळा बोळ. कोरफडीचं पान कापलं की सालीलगतनं जो पिवळा कडू चीक गळतो तो आटवून वाळवलेला. लोक काय करतात, कोरफडीचा आतला पारदर्शक गर आणि हा चीक एकच समजतात. नाही. गर तोंडाला लावा, केसाला लावा, काही होत नाही. चीक हे वेगळंच प्रकरण आहे. जुन्या हकीमांना सकोत्रा बेटावरचा एलवाच पाहिजे असायचा, येमेनच्या खाली समुद्रात हे बेट आहे, आणि त्या एलव्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलनं सिकंदराला ते बेट घ्यायला सांगितलं अशी अरबांमधी दंतकथाच आहे. एका जुलाबाच्या औषधासाठी बेट! पण दंतकथा तयार झाली म्हंजे मालाला भाव किती असंल बघा.

बाकी जटामांसी, दालचिनी, केशर, मस्तगी, असारून असलं सुगंधी सामान. हे सगळं मिळूनबी एलव्याच्या निम्म्याच्या वर जात नाही. मला वाटायचं हा मसाला चवीला असंल, पण चवीचा काही संबंधच नाही (चवीची ग्वाही मी देऊ शकतो). एलव्यानं पोटात मुरडा येतो, तो कमी व्हावा म्हणून हे. हकीम त्याला मुस्लेह म्हणतात, म्हंजे औषधाला ताळ्यावर आणणारं औषध. ही कल्पना मला लई आवडली.

हे झालं नुसतं अयारिज. गोळी करताना त्याच्यात निसोत्तर, गारीकून, हिरड्याची साल आणि इंद्रावणाचा गर पडतो. इंद्रावण, कडू वृंदावन, नदीच्या रेताडात वेल पसरलेला असतो आणि टरबुजाच्या पिल्लासारखी फळं येतात. ते लई जहाल. हकीम त्याचा गर अगदी सुरम्यासारखा बारीक करून कतीरा गोंदासोबत देतात, कारण भरडा राहिला तर आतड्याला चिकटून जखम करतो असं ते मानतात. निसोत्तराची मुळी वरनं खरवडायची, आतली काडी काढून टाकायची आणि बदामाच्या तेलाचा हात लावायचा. आबांच्या वहीत हेसुद्धा लिहिलेलं आहे, मित्र म्हणला, "मुजव्वफ खराशीदा". म्हंजे आबा नुसते गोळ्या आणत नव्हते, हकीमसाबसमोर बसून बारकावे उतरवून घेत होते. मला तर वाटायलंय एकदा-दोनदा घरीबी करून बघितल्या असतील, माईनं खलबत्त्यासाठी केलेलं भांडण मला अंधुक आठवतंय.

हिरड्यावरून एक सांगायचं राहिलं. आपला त्रिफळा अरबांकडं गेला आणि तिथं त्याचं झालं इत्रीफल, मधात कालवलेलं. मग शेकडो वर्षांनी तेच इत्रीफल हकीमाच्या बरणीत बसून परत आलं आणि आपण म्हणतो हे मुसलमानी औषध. आता ग्रीक कोण, अरब कोण आणि हिरडा कुणाचा, ते भांडत बसायचं त्यांनी बसावं.

आता मुद्द्याचं बोलतो. चौदा वर्षांत माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य काय असंल? ताप नाही, खोकला नाही. "पोट साफ व्हायचं काहीतरी द्या, कडकवालं." डोकं दुखलं तरी पोट साफ, तोंडावर पिंपल आले तरी पोट साफ, सूनबाई नीट बोलंना तरी पोट साफच. मला आधी वाटायचं आपल्याच लोकांना हे वेड. पण हे वेड फार जुनं निघालं. हकीमांचं म्हणणं असं, शरीरात चार खिल्त म्हंजे रस, रक्त, कफ, पित्त आणि काळं पित्त, त्याला सौदा म्हणतात. त्यातलं एखादं वाढलं की रोग, मग ते काढायचं. कफाला निसोत्तर, पित्ताला सकमूनिया, सौद्याला अफ्तीमून. हब्ब-ए-अयारिज तर मुख्य डोक्यासाठी! डोक्यातला साचलेला कफ खालच्या वाटेनं काढायचा. डोकं जड झालं, अर्धशिशी आहे, तर ही गोळी रात्री झोपताना. आमची लोकं डोक्यासाठी पोट साफ करायची गोळी मागतात ती उगंच नाही राव, त्याला गॅलेनचा पाठिंबा आहे.

आता हे चार खिल्तांचं शास्त्र काही खरं नाही, हे मी फार्मसी शिकलेला माणूस म्हणून सांगतो. डोक्यातून पोटात कफ उतरायला पाइप नाही. पण हकीम त्या शास्त्राच्या नावाखाली जे करायचे ते बघण्यासारखं आहे. ते आल्या आल्या जुलाब देत नसत. आधी मुंजिज, म्हंजे दोष पिकवायचा काढा. पित्त असंल तर तीन ते पाच दिवस, कफाला नऊ-दहा दिवस, सौद्याला पंधरापासून चाळीस दिवसांपर्यंत. सोबत साधं खाणं. रोज लघवीचा रंग बघायचा, त्याला कारूरा बघणं म्हणतात, आणि पिकलंय असं दिसलं की मग मुसहिल, म्हंजे जुलाब. त्या दिवशी मुगाची खिचडी. किती दस्त झाले ते मोजून सांगायचं. दुसऱ्या दिवशी तबरीद, पोट थंड करायला इसबगोल, बिहीदाण्याचा चिकट लुआब असलं काहीतरी. मग परत जुलाब, परत थंडाई. आयुर्वेदातबी विरेचनाच्या आधी स्नेहन-स्वेदन असतंच, आणि तेबी शरद ऋतूत, म्हंजे आबांचा दसरा-दिवाळीचा मुहूर्त काही त्यांनी मनानं काढलेला नव्हता.

म्हंजे वर्षातनं एकदा, पंधरा दिवस तयारी, कुणीतरी जाणता माणूस नाडी धरून बसलेला, आणि मग ती चांदीची गोळी. रोज झोपताना एक नाही.

'रोज' हे कुठून आलं ते मला युरोपच्या गोष्टीत सापडलं. तिकडंबी सुरुवातीला असंच होतं. लॅटिनमधी गोळ्यांची नावं तर लई भारी, एकीचं नाव चक्क 'जिच्याशिवाय मला राहायचं नाही' असं होतं. एक होती कोकिए, ग्रीक कोक्कोस म्हंजे दाणा, त्याच्यावरून. हकीमांकडं तीच हब्ब-ए-कूकाया. हब्ब म्हंजेबी दाणाच. आणि हकीमांची शब्यार म्हंजे रात्रीची मैत्रीण, झोपताना घ्यायची म्हणून. (मैत्रीण! त्या रात्री मला भेटलेली मैत्रीण मी कुणाला देणार नाही.)

मग छापखाने आले, जाहिरात आली. स्कॉटलंडमधी सतराव्या शतकातच पॅट्रिक अँडरसनच्या एलव्याच्या गोळ्या प्रसिद्ध होत्या. पण खरा बाजार एकोणिसाव्या शतकात मांडला. १८२५ साली जेम्स मॉरिसननं 'युनिव्हर्सल' गोळ्या काढल्या, सगळ्या रोगांचं कारण अशुद्ध रक्त आणि सगळ्यांवर औषध माझी गोळी, बरं नाही वाटलं तर अजून घ्या. थॉमस हॉलोवेनं मलम आणि गोळ्या विकून एवढा पैसा केला की लंडनजवळ राजवाड्यासारखं मुलींचं कॉलेज बांधलं, १८८६ साली राणी व्हिक्टोरिया उद्घाटनाला आली होती. म्हंजे त्या पोरी शिकल्या त्या लोकांच्या संडासावर, पण चांगलंच केलं म्हणायचं, आपल्याकडं अशा पैशातनं काय काय बांधतात ते आपण बघतोच. आणि सगळ्यात मोठा थॉमस बीचम. मेंढरं राखणारा पोरगा, पुढं गोळ्या विकून कारखाना काढला. डबीवर लिहिलेलं, एका डबीची किंमत एक गिनी (जुनं इंग्रजी सोन्याचं नाणं) व्हावी असा माल. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं या गुप्त औषधांची तपासणी छापली. बीचमच्या गोळीत काय निघालं? एलवा, सुंठ आणि साबण. बस्स. ना केशर, ना मस्तगी, ना जटामांसी. पवित्र कडूमधलं पवित्र गेलं आणि कडू तेवढं राहिलं. या गोळ्या १९९८ पर्यंत विकत होत्या!

अमेरिकेची तर वेगळीच तऱ्हा. तिथं डॉ. बेंजामिन रश नावाचे नामांकित डॉक्टर, त्यांच्या गोळीत जालप आणि कॅलोमेल. जालप म्हंजे मेक्सिकोतल्या हालापा गावाकडची मुळी (आपल्या जुलाबाशी नाव जुळतंय पण नातं नाही, त्या गावाच्या नावाची मिरची मात्र पिझ्झावर असते), आणि कॅलोमेल म्हंजे पाऱ्याचा क्षार. लोक त्याला वज्राचा तडाखा म्हणायचे. १८०४ साली लुईस आणि क्लार्क हे पश्चिमेकडं शोधमोहिमेवर निघाले तेव्हा सहाशे गोळ्या सोबत घेऊन गेले. दोनशे वर्षांनी माँटानामधी त्यांचा एक मुक्काम कुठं होता ते शोधताना जमिनीत पारा सापडला, आणि तो जिथं सापडला तिथं त्यांचा संडासाचा खड्डा होता. याच्याहून भारी अशी अँटिमनी धातूची गोळी, ती गिळायची, काम झालं की शोधून धुवायची आणि पुढच्या माणसाला द्यायची. घराण्यात वारसाहक्कानं. आमच्याकडं निदान खासरा पाहणीचे कागद वारसाहक्कानं आलेत.

तर माझ्या काउंटरवर जे गिऱ्हाईक येतंय ते आबांचं नाही, बीचमचं आहे. चूर्णाच्या डब्याची मागची बाजू वाचा, बहुतेक वेळा सोनामुखी असते. एलव्यात आणि सोनामुखीत एकाच जातीची द्रव्यं, ती वरच्या पोटात काही करत नाहीत, मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथल्या जंतूंनी फोडली की काम चालू होतं, सहा ते बारा तास लागतात, म्हणून झोपताना घ्यायची. शब्यार नाव ठेवणाऱ्याला हे जंतूंचं माहीत नव्हतं पण टाइमिंग बरोबर माहीत होतं. वर्षानुवर्षं रोज घेतलं की पोटॅशियम कमी होतं, आतड्याचं अस्तर काळपट पडतं, आणि मग गोळीशिवाय होत नाही म्हणून माणूस दोन घेतो. अमेरिकेत २००२ साली एलव्याला दुकानातल्या जुलाबाच्या औषधांमधनं काढून टाकलं. गरोदर बाईनं तर एलवा आणि इंद्रावण दोन्हीच्या जवळबी जाऊ नये. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक ऐकून घेतंय, मान हलवतंय, आणि म्हणतंय, "ते ठीक हाय ओ, पण कडकवालं द्या." आणि मी देतो. दुकान चालवायचंय मला, खोटं कशाला बोलू. एकदा एका म्हाताऱ्या बाबांना म्हणलं, मामा, आधी दोन तांबे पाणी प्या, भाजी खा, आठ दिवसांनी या. ते गेले आणि समोरच्या मेडिकलमधनं घेऊन आले, वर मला डबी दाखवली.

मागच्या रविवारी काष्टौषधीवाल्याकडनं तोळाभर काळा बोळ आणला. कागदाच्या पुडीत काळा चकचकीत खडा, डांबरासारखा. मोहरीएवढा तुकडा जिभेवर ठेवला. तीच चव. बायको म्हणली, हे माझ्या किचनमधी ठेवायचं नाही, म्हणून तो आता दुकानाच्या ड्रॉवरमधी, सुट्ट्या पैशाच्या शेजारी आहे.

काल रात्री मास्तर मित्राचा व्हॉट्सॲप आला. वहीच्या बाकी पानांचे फोटो त्याला पाठवून ठेवले होते. नुस्ख्यानंतरची पानं म्हंजे नुसता तक्ता आहे म्हणला, दरवर्षीचा. मुंजिज किती दिवस, गोळ्या किती, दस्त किती. हकीमसाब विचारतील म्हणून आबा मोजून लिहून ठेवायचे. तीन, पाच, सहा, पाच, असं वर्षामागून वर्षं. फक्त एका ठिकाणी, त्यानं त्याला लाल गोल करून पाठवला होता, त्याच अक्षरात एक वेगळी ओळ: पोता. एक गोली, चबाकर. ग्यारह.